खिळ्यावरचा नमुना

मी नमुना बोलतोय. "काय नमुना आहे" असं म्हणून लोक ज्याच्याकडे बघून हसतात, तो मी नव्हे. मी एक साधा बोल्ट. अंगठ्याएवढा जाड, तळहाताएवढा लांब, डोक्याला सहा बाजू. माझ्या अर्ध्या अंगावर आटे आहेत आणि उरलेलं अर्धं अंग गुळगुळीत आहे. हे गुळगुळीत अंग लक्षात ठेवा, पुढे त्याच्यावरून बरीच डोकेफोड झाली.

माझ्या जन्माबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही. तापलेली सळई, तिच्यावर बसलेले घाव, आटे पाडताना झालेल्या गुदगुल्या आणि मग जस्ताची आंघोळ. शुद्धीवर आलो तेव्हा एका खोक्यात भावंडांच्या अंगावर पडलेला होतो. आम्ही सगळे इतके सारखे, की आपण कोण हे कळायलाच मार्ग नव्हता.

ते खोकं एका वर्कशॉपमध्ये आलं. तिथे ट्रॉल्या बनत. गोदामात पोती वाहायच्या, दवाखान्यात औषधं फिरवायच्या, दुकानात खोकी ढकलायच्या. आमची नेमणूक चाकात होती. बोल्टचा गुळगुळीत भाग चाकाच्या पोटात, आट्यांवर नट घट्ट, की चाक फिरायला मोकळं.

खोकं उघडलं ते ताईंनी. ताई म्हणजे मालकांची थोरली बहीण. सामान मागवायचं खातं त्यांचं. खरं तर मालकांचं खातंही त्यांचंच म्हणायला हवं, कारण टक्कल पडलेल्या, चष्मा लागलेल्या मालकांना त्या सगळ्यांदेखत "बाळ्या" म्हणत आणि मालक "ओ" देत. ताईंनी खोक्यात हात घातला आणि नेमका मला उचलला. का, ते त्यांनाच ठाऊक. मी देखणा असेन अशी आपली माझी समजूत.

"हा नमुना," त्या म्हणाल्या. "हा कुणी वापरायचा नाही. जीव गेला तरी नाही."

मानेला सुतळी बांधून मला खिळ्यावर टांगलं. आणि माझी भावंडं एकेक करून चाकांमध्ये गेली.

नमुन्याचं काम काय, ते सांगतो. सामान पुरवणाऱ्या कंपनीचा एक जाडजूड कॅटलॉग होता. उशाला घेतला तर मान आखडेल एवढा. त्यात बोल्टांची चित्रं खऱ्या मापात छापलेली. सामान संपत आलं की ताई मला खिळ्यावरून काढत, कॅटलॉग उघडत आणि चित्रावर आडवं झोपवत. डोक्याला डोकं, पायाला पाय. माझ्या बाहेर कागदावरची रेघ दिसली नाही, की त्या शेजारचा नंबर उतरवून घेत. माल आला की खोक्यातला पहिला नट माझ्यावर चढवून बघत. सरळ चढला तर माल आत, अडखळला तर आल्या पावली परत. पुरवठादाराचा माणूस ताईंना घाबरायचा आणि ताईंच्या हातात मी दिसलो की मलाही.

एवढा मान मिळूनही मी खूश नव्हतो. स्पष्टच सांगतो, मला हेवा वाटायचा. दुरुस्तीला आलेल्या ट्रॉल्यांमधून माझी भावंडं भेटत. गंजलेली, घासलेली, पण काय तो रुबाब! कुणी दवाखान्याच्या जिन्याखालून आलेला, कुणी बंदरावरून. मी काय बघितलं होतं? समोरची भिंत आणि तिच्यावर बंद पडलेलं घड्याळ. ज्याच्यावर कधी काही पेललं गेलं नाही त्या बोल्टला बोल्ट म्हणावं का, हा प्रश्न मला रोज पडायचा.

मग ताई पडल्या. घरातच, ओल्या फरशीवरून. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण पाय काही पहिल्यासारखा झाला नाही. ताईंचं घर गल्लीच्या पलीकडे, वर्कशॉपच्या अगदी समोर. खिडकीतून हाक मारली तर ऐकू येईल एवढ्यावर. पण ती खिडकी बंदच राहायची. कुणाचा हात धरून कुठे जायचं म्हटलं की ताई भिंतीकडे तोंड करून पडत. मालकांची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, रोज जाऊन सांगायच्या, "वन्सं, वर्कशॉपमध्ये चला ना जरा." ताई म्हणायच्या, "तुमचं चाललंय की माझ्यावाचून."

चाललं काही नव्हतं. ड्रॉवर रिकामे होत होते आणि मालकांना मागवायचं सुचायचं ते सामान संपल्यावर.

एक दिवस मालकांनी ठरवलं, ताईंसाठी चाकाची खुर्ची आपणच बनवायची. बाजारच्या खुर्च्या रुंद, यंत्रांमधल्या वाटेत शिरणाऱ्या नव्हत्या. ताईंना तर त्यांच्या टेबलापर्यंत जाता आलं पाहिजे. मालकांनी पाईप वाकवले, वेल्डिंग केलं, घासून गुळगुळीत केलं. वहिनींनी गादी शिवली. खुर्ची झाली आणि ताईंना दाखवल्यावर आक्रीत घडलं. त्या चक्क "बरं" म्हणाल्या. "सोमवारी येते."

मागची मोठी चाकं तेवढी बसवायची राहिली होती. दोन चाकांना दोन बोल्ट. ड्रॉवरच्या तळाशी माझं एकच भावंड सापडलं.

मालक मला घेऊन गेले, तर कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानदाराने मला उलटंसुलटं करून बघितलं. "एवढ्या मापाचा ठेवत नाही. मागवावा लागेल," म्हणाला. कॅटलॉग काढावा, तर कंपनीने जुने नंबर बदललेले आणि नवा छापणं बंद केलेलं. सगळं ऑनलाइन.

मालक कॉम्प्युटरसमोर बसले. वहिनींनी कंपनीचं पान उघडून दिलं. माझ्यासारखा एक बोल्ट पडद्यावर दिसला. ताईंना मला चित्रावर झोपवताना मालकांनी हजारदा बघितलं होतंच. त्यांनी मला खिळ्यावरून काढलं आणि थेट काचेवर धरलं.

"छोटा आहे चित्रातला," ते म्हणाले.

"मोठा करता येतो," वहिनी म्हणाल्या. "हे बघा, असा."

मालकांनी चित्र मोठं केलं, आणखी मोठं केलं. डोक्याला डोकं, पायाला पाय. "बस! अगदी बेतल्यासारखा." आणि ऑर्डर गेली. मी काचेला नाक लावून ओरडत होतो, पण आमचा आवाज तुम्हाला ऐकू येत नाही, त्याला कोण काय करणार?

खोकं आलं ते अगदीच हलकं. आत काडेपेटीतल्या काड्यांएवढे बोल्ट. बिचारे फार नाजूक आणि फार सुंदर होते. मालकांच्या रागाचा पारा चढला. त्यांनी कंपनीला फोन लावला.

"साहेब, माप काय टाकलं होतं?" पलीकडच्या मुलीने विचारलं.

"माप कशाला टाकायचं? चित्राला लावून बघितला की."

"कुठल्या चित्राला?"

"तुमच्याच. पडद्यावरच्या."

पलीकडून खोकल्याचा आवाज आला. तो खोकला नव्हता, हे मलासुद्धा कळलं. मालकांनाही कळलं असावं, कारण त्यांनी फोन हळूच ठेवला आणि टक्कल पुसलं.

दुसऱ्या वेळी वहिनींनी टेप घेऊन मला रीतसर मोजलं. लांबी बरोबर, जाडी बरोबर. माल आला, तोही वेळेत. पण त्या पठ्ठ्यांना गळ्यापासून पायापर्यंत आटे. गुळगुळीत अंगाचा पत्ता नाही. अशा बोल्टवर चाक ठेवलं तर ते खडखडत राहतं आणि आतून कुरतडलं जातं. वहिनींनी कपाळाला हात लावला. ते वेगळं सांगावं लागतं, हे त्यांना कुणी सांगितलं होतं?

तिसरी ऑर्डर अचूक गेली. पण ती रस्त्यात होती आणि सोमवार दारात.

"एक दिवस पुढे ढकलू," मालक म्हणाले.

"नको," वहिनी म्हणाल्या. "इतक्या महिन्यांत पहिल्यांदा हो म्हणाल्यात त्या. आज नाही म्हणून सांगितलं, तर परत तोंड फिरवून झोपतील. मग आणा हो तुमचे बोल्ट खोकीच्या खोकी."

मग दोघांनीही माझ्याकडे बघितलं.

"ताई मारेल मला," मालक म्हणाले.

"मारायला इथवर चालत येता येतंय का त्यांना?" वहिनी म्हणाल्या. पण बोलून झाल्यावर त्यांचेच डोळे भरून आले.

मालकांनी सुतळी सोडली. मला पुसलं, तेलाचं बोट लावलं आणि डाव्या चाकाच्या पोटात सरकवलं. नट चढवला, पाना लावला, आवळला. आयुष्यात पहिल्यांदा मला कुणीतरी शेवटपर्यंत आवळलं. त्या क्षणाचं वर्णन करायला मला शब्द नाहीत. भीतीही वाटली, खोटं कशाला बोलू?

सोमवारी सकाळी मालक खुर्ची घेऊन गल्लीपलीकडे गेले. ताई खुर्चीत बसल्या. आणि तो भार माझ्यावर आला. मालक मागून ढकलायला गेले, तर ताईंनी हात झटकला. "मला जमतं का बघू दे." त्यांनी चाकं धरली. पहिल्यांदा खुर्ची वाकडीच गेली. मग सरळ आली. गल्ली तशी चार ढांगांची, पण मधे थांबून ताईंनी मान वर करून आभाळ बघून घेतलं. मग उंबऱ्यावरच्या फळीवरून चढून त्या वर्कशॉपमध्ये शिरल्या. लेथवाला काम सोडून उभा राहिला. ताईंनी सगळीकडे नजर फिरवली आणि ती भिंतीवर येऊन थांबली.

"बाळ्या, नमुना कुठाय?"

मालक उगाचच लेथकडे बघू लागले.

"बाळ्या."

"आहे."

"आहे म्हणजे कुठे?"

"तुझ्या डाव्या चाकात."

ताईंचा चेहरा बघण्यासारखा झाला. "काढ."

"अगं ताई, ऐक तर..."

"काढ म्हणते ना. उद्या माल आला तर पारखायचा कशावर? तुझ्या नाकावर?"

मालकांनी पाना आणला. बहिणीसमोर त्यांचं कधीच काही चाललं नाही. ते गुडघ्यावर बसले आणि पाना माझ्या नटाला लावला. माझा जीव टांगणीला लागला. एवढंच का होतं माझ्या वाट्याला, एका गल्लीची रुंदी?

"वन्सं," वहिनी हळूच म्हणाल्या, "काढल्यावर घरी कशा जाल?"

"बाळ्या नेईल उचलून."

"आणि उद्या?"

ताईंनी मांडीवरचे हात उलटे केले आणि तळवे बघितले. चाकं ढकलून ते काळे झाले होते. कितीतरी वेळ त्या ते काळे तळवे बघत राहिल्या. मग एका हाताचा अंगठा दुसऱ्या तळव्यावर घासून बघितला, जसा त्या पूर्वी माझ्या आट्यांवरून फिरवायच्या.

"बाळ्या, थांब जरा."

मालक पाना धरून थांबले.

"नीट आवळलायस का?"

"हो."

"तुझं नीट मला माहीत आहे. पाना लागलेलाच आहे, आवळ आणखी."

मालकांनी मान खाली घालूनच आवळला. ते लवकर उठलेही नाहीत. चष्म्याची काच पुसत होते. ताई तोवर यंत्रांमधल्या वाटेने आपल्या टेबलाकडे निघाल्यासुद्धा, आणि त्यांच्यासोबत मी.

आता आमचं बरं चाललंय. तिसरं खोकं आलं, तेव्हा ताईंनी त्यातला एक बोल्ट घेतला, खुर्चीतून वाकल्या आणि त्याचं डोकं माझ्या डोक्याशी लावून बघितलं. पसंत पडला. तो हल्ली खिळ्यावर असतो. चकचकीत आहे आणि जरा शिष्ट आहे. "मला बदली करा" म्हणायला त्याला फार दिवस लागणार नाहीत. ऑर्डरी आता ताई कॉम्प्युटरवर देतात. फोनवरच्या त्या मुलीशी त्यांची मैत्री झालीय. दोघी मिळून मालकांवर हसतात, आणि मालक ऐकू न आल्यासारखं करतात.

माझं जस्त एका बाजूने उडालंय. पावसाळ्यात थोडा गंजही येईल. तुमच्याकडे कुठे खिळ्यावर, ड्रॉवरमध्ये किंवा डब्यात कुणी जपून ठेवलेला असेल, तर त्याला एकदा विचारा, तिथे बरं वाटतं का म्हणून. माझ्याविषयी एवढंच मागणं की अधूनमधून तेलाचं बोट लावत जा आणि पाना आणलात तर तो आवळायलाच आणा.

बाकी खूप सांगण्यासारखं होतं, पण ताईंना कोपऱ्यावरच्या दुकानदाराकडे जायचंय. त्याने मापाचे बोल्ट ठेवायला हवेत, असं त्याला ऐकवायचंय. त्यांनी चाकं धरली. येतो मी.