राखणदाराचा कौल

विज्ञानकथेवर पोट भरणाऱ्या माणसांनी पत्र्याच्या डोक्याला कौल लावावा, ह्याचं अनिरुद्धला हसू येत होतं. खरं सांगायचं तर प्रांजललाही येत होतं. पण मुलुंडच्या त्या चित्रीकरणाच्या गाळ्यात अकरा वर्षं काढल्यावर माणूस कुठे हसायचं आणि कुठे नाही हे शिकतो. ती गंभीर चेहरा करून फुलांची पिशवी घेऊन आत गेली.

ते डोकं म्हणजे 'परतीचं यान' ह्या मालिकेतला यंत्रमानव, राखणदार. त्र्याण्णव साली गुणाजी तावड्यांनी भांडुप-मुलुंडच्या केबलवर ही मालिका सुरू केली, तेव्हा मालिकेची प्रॉपर्टी, म्हणजे लागणारं सामान, बनवणाऱ्या दशरथ घाड्यांनी दुधाचे दोन पत्र्याचे डबे कापून ते घडवलं होतं. पुढे केबल गेली, वाहिनी आली, वाहिनी गेली, ॲप आलं. राखणदाराचं डोकं तेच राहिलं. दर दसऱ्याला त्याला झेंडूचा हार, दर पर्वाआधी त्याच्यापुढे नारळ. बत्तीस वर्षं एखाद्या वस्तूला हात जोडले की ती वस्तू राहत नाही, असं दशरथ म्हणायचे. अनिरुद्धने ह्यावर एक मीम बनवून मित्रांना पाठवलं होतं.

मालिकेची गोष्ट एवढीच, की ट्रॉम्बेच्या खाडीकाठून उडालेलं एक यान घरी यायला निघालंय आणि बत्तीस वर्षांत पोचलेलं नाही. दर पर्वाच्या आधी गुणाजी राखणदाराच्या कपाळावर दोन ओल्या पाकळ्या चिकटवायचे, एक उजवीकडे, एक डावीकडे, आणि विचारायचे, 'यान अजून पुढे जाऊ दे का?' उजवी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. कोकणातल्या त्यांच्या गावी देवळात असाच कौल घ्यायचे. गाळ्यात दरवेळी उजवी पडली आणि यान भटकत राहिलं.

पौषात गुणाजी गेले. ॲपवाल्यांना चैत्र संपायच्या आत नवा सूत्रधार हवा होता. सूत्रधार म्हणजे सगळ्या मालिकेचा मेंदू: कथा त्याची, शेवटचा शब्द त्याचा, आणि सुरुवातीच्या पाटीवर नाव त्याचं. अंधेरीच्या ऑफिसातून त्यांनी अनिरुद्धला पाठवला, दोन वेबसिरीज गाजवलेला, हुशार, मनाने वाईट नसलेला मुलगा. मालकी मात्र गुणाजींच्या बायकोची, विमलाकाकूंची. त्यांनी दोघांना समोर बसवून सांगितलं, "मला ह्यातलं काही कळत नाही रे पोरांनो. कौल लावूया. उजवी पडली तर प्रांजल, डावी पडली तर तू. मग कुणी तोंड वाकडं करायचं नाही."

प्रांजलला ते ऐकून रडू आलं होतं, रागाने. गुणाजींचा उजवा हात लुळा पडल्यापासूनची तीन वर्षं प्रत्येक भाग तिने लिहिला होता. संवाद तिचे, ग्रह तिचे. पाटीवर नाव गुणाजींचं. 'साहाय्य' म्हणूनसुद्धा तिचं नाव शेवटच्या धावत्या ओळींत, चहावाल्याच्या वर. लोक रस्त्यात थांबवून म्हणायचे, तावड्यांनी ह्या वयात काय लिहिलंय! आणि ती म्हणायची, हो ना. तिला ती पाटी हवी होती. आणि पाटी मिळाल्यावर पहिल्याच भागात तिला यान उतरवायचं होतं. बत्तीस वर्षं दमलेली ती माणसं एकदाची खाडीच्या चिखलात पाय घालून घरी जाताना तिला बघायची होती. गुणाजींना तिने हे एकदा सुचवलं होतं. ते म्हणाले होते, "माणसं पोचली की मरतात गं."

पाकळ्या लावायचं काम आता तिच्याकडे आलं, कारण दशरथांचे हात थरथरत. ती मोरीत जास्वंदीच्या पाकळ्या धूत उभी राहिली आणि तिथेच तिला सुचलं. डावी पाकळी पडलीच नाही तर?

प्रॉपर्टीच्या टेबलावर डिंकाची बाटली होती. तिने आगपेटीतली काडी घेतली, तिचं मागचं टोक डिंकात बुडवलं आणि डाव्या पाकळीच्या देठाकडच्या टोकाला, मोहरीएवढा, एकच ठिपका दिला. तेवढाच पुरे होता. सगळ्या पाकळीला लावला असता तर कडा चमकल्या असत्या. हे तिला आपोआप समजलं, आणि आपल्या हुशारीचं तिला जरा कौतुकच वाटलं. पाप वाटलं नाही. डब्याला फसवण्यात कसलं आलंय पाप?

पंखा बंद केला, एसी बंद केला. वारा लागायला नको. एप्रिलमधले सकाळचे अकरा वाजले होते आणि चौघे जण घामाने निथळत सतरंजीवर बसले. दशरथ घाडी उभे राहिले आणि गाऱ्हाणं घालू लागले.

"बा राखणदारा! आज तुझ्या लेकरांनी जो काय कौल मांडलो हा, तो मान्य करून घे रे महाराजा!"

"व्हय महाराजा!" काकू आणि प्रांजल म्हणाल्या. अनिरुद्धही हसत हसत म्हणाला.

"आणि जो कोण ह्या यानाचो खरो सूत्रधार असात, तेका ह्या जाग्यार आणून बसव रे महाराजा!"

"व्हय महाराजा!"

ह्या खेपेला एक आवाज जास्त आला. सपाट, पत्र्यातून आलेला, किंचित उशिरा. राखणदाराचा आवाज गुणाजी स्वतः द्यायचे, रिकाम्या डब्यात तोंड घालून. प्रांजलच्या मानेवरचा घाम गार पडला. अनिरुद्ध मागे वळून स्पीकर कुठे लपवलाय ते बघू लागला.

"डबो आसा," दशरथ हळूच म्हणाले. "आवाज घुमतलोच."

पाकळ्या सुकत होत्या. उजवीची कड उचलली गेली, वळली, आणि दहाव्या मिनिटाला ती सरळ खाली ताटात पडली.

"झकास," अनिरुद्ध उठत म्हणाला. त्याने हात पुढे केला. "अभिनंदन यार. मनापासून. पण एक सांगू? मला इथे एक दिवस राहता आलं नसतं. हे डोकं मघापासून तुझ्याकडेच बघतंय." तो इतक्या घाईने जिना उतरला की गॉगल विसरून गेला. दशरथ तो द्यायला त्याच्यामागे गेले.

प्रांजलला आनंद व्हायला हवा होता, आणि झालाही, छातीत मावेना इतका. तेवढ्यात काकू उठल्या. राखणदाराजवळ जाऊन त्यांनी डावी पाकळी नखाने हलकेच सोडवली. ती सुटेना. देठाकडे अडकली. काकूंनी ती ओढून काढली, उलटी केली आणि बोट लावून पाहिलं.

"डिंक," त्या म्हणाल्या.

"काकू, मी सांगणारच होते." प्रांजल म्हणाली. "मला माफ करा. तुम्ही त्याला परत बोलवा हवं तर. पण तीन वर्षं मी जे केलं ना..."

काकू रागावलेल्या नव्हत्या. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या हसत होत्या.

"बत्तीस वर्षं हेच," काकू म्हणाल्या. "दरवेळी डाव्या पाकळीला, देठापाशी, काडीच्या मागच्या टोकाने. एवढासा ठिपका. कौल उजवा पडणार नाही तर काय? यान कधी परत आणायचंच नव्हतं ह्यांना. मला मालिकेच्या चौथ्या वर्षी कळलं, मी बोलले नाही. दशरथभाऊंना अजून माहीत नाही."

"मला कुणी सांगितलं नव्हतं काकू. शपथ."

"ठाऊक आहे गं. म्हणूनच. शेवटी शेवटी हॉस्पिटलात मला म्हणाले, मी गेल्यावर कौल लावशील ना, तेव्हा उजवी पडली की डावी पडली ते बघू नको. डावी पाकळी सोडवून बघ. डिंक असला तर समज, मी आलोय."

प्रांजल भिंतीला टेकली. "माझं मला सुचलं ते. मोरीत. पाकळ्या धुताना."

"ह्यांनाही मोरीतच सुचायचं सगळं," काकू मायेने म्हणाल्या आणि चहा टाकायला आत गेल्या.

हा वेडेपणा आहे, प्रांजलने स्वतःला बजावलं. अकरा वर्षं एका माणसाजवळ बसलं की त्याची लबाडीसुद्धा अंगाला लागते, त्यात भुताटकी काही नाही. तिने कधीतरी त्यांना काडी डिंकात बुडवताना पाहिलं असेल आणि विसरली असेल. पण तिने कितीही आठवलं तरी तसं काही आठवेना. मोरीतला तो क्षण तेवढा आठवत होता, आणि तो लख्ख तिचा होता. तिला भीती वाटत होती. अशी भीती, जणू आपल्याच घराची किल्ली आपल्याच दाराला लागेनाशी व्हावी.

ह्यावर उपाय एकच होता. जे गुणाजींनी जन्मात केलं नसतं ते आत्ता, ह्या मिनिटाला करायचं. ती टेबलाशी बसली, कोरा कागद ओढला आणि वर स्वतःचं नाव लिहिलं. सूत्रधार: प्रांजल शेटये. मग खाली लिहायला लागली. यान खाली येतं. ढग फाटतात. खाडी दिसते, ठाण्याकडचे दिवे दिसतात. माणसं काचेला नाक लावून रडताहेत. हात भराभर चालला होता आणि ती शब्दागणिक मोकळी होत होती. यान चिखलात टेकतं. राखणदार दाराशी जातो. दाराच्या मुठीवर हात ठेवतो. वळतो. सगळ्यांकडे बघून म्हणतो, 'ही आपली खाडी नव्हे.' यान पुन्हा वर उठतं.

ती लिहीत राहिली. प्रसंग सुरेख जमत होता. आता ह्यातून अजून दहा पर्वं निघतील, असं तिच्या मनात आलं आणि बरं वाटलं.

आतून बांगड्यांचा आवाज आला. काकू कप घेऊन टेबलापाशी येऊन उभ्या राहिल्या, आणि पौषापासून त्या गाळ्यात कुणी न उच्चारलेला शब्द त्यांनी अगदी सहज उच्चारला.

"अहो, चहा."

"ठेव तिथे," प्रांजल मान वर न करता म्हणाली.