चतुराबाईचं नाक

कुरुंद्याच्या शिवारात भीमराजची शेड आहे. हळदीच्या रानातून निघालेल्या ठिबकच्या फाटक्या नळ्या तिथं येतात, वितळून त्यांचे काळे दाणे होतात आणि दाण्यांच्या पुन्हा नळ्या. पण त्यात पीव्हीसीचा एक पाईप जरी घुसला, तरी मशीनमधून असा धूर निघतो की छातीत जाळ व्हावा. उन्हामातीनं सगळे पाईप एकाच रंगाचे झालेले, ओळखायचे कोणी? चतुराबाईनं. तुकड्याला काडी लावायची, हुंगायचं. मेणबत्तीसारखा वास आला की चांगला, नाकाला झोंबला की बाजूला. दहा वर्षांत एकदा चूक नाही. "आपल्याला लॅब कशाला? चतुराबाईचं नाक हाय की," असं भीमराज येईल त्या व्यापाऱ्याला सांगायचा, आणि बाईही मान ताठ करून ऐकायची.

आता त्या नाकालाच वास येत नव्हता! तीन आठवड्यांपूर्वी ताप आला, आणि जाताना वास घेऊन गेला. घरात फोडणी जळाली तरी पत्ता नाही. सांगावं कुणाला? दहा वर्षांचा मान एका वाक्यात जायचा. मग रोज काडी लावायची, हुंगल्याचं सोंग करायचं आणि हाताच्या अंदाजानं ढीग लावायचे. जिवाला नुसता घोर, कारण मशीनच्या तोंडाशी माल टाकायला उभी होती तिचीच लेक, शिवकन्या.

त्या दिवशी औंढ्याकडून माल आला. निवडून झाला, दळून मशीनकडे गेलासुद्धा, आणि चहाचा कप तोंडाला लावताना बाईला एक जाडसर काळा पाईप आठवला. काडी बाजूला घेताच त्याची ज्योत विझली होती. चांगला माल विझत नाही, थेंब थेंब गळत जळत राहतो. वाऱ्यानं विझली असेल, म्हणून तिनं तो चांगल्यात टाकला होता. पण वारा होता कुठं? पानसुद्धा हलत नव्हतं मेलं!

ती उठली, बसली, पुन्हा उठली. त्याच पाईपचा उरलेला तुकडा हुडकून तिनं पाण्याच्या बादलीत टाकला. चांगलं प्लास्टिक तरंगतं. हा गपकन तळाला गेला.

चतुराबाई पदर खोचून धावत सुटली.

"माय, बरं झालं आलीस," मशीनपाशी टोपलं रिकामं करता करता शिवकन्या ओरडली. "येगळाच वास येऊन राहिलाय. हुंगून सांग बरं, बंद करू का?"

"हां, सांगा," मागून भीमराज म्हणाला. "उगंच बंद केलं तर आतला माल घट्ट होतो."

बाईनं सवयीनं श्वास ओढला. काही नाही. दोघंही तिच्या तोंडाकडे बघत होती.

"बंद कर!" ती किंचाळली. "मला वास येत न्हाई! तीन आठवडे झाले, कशाचाच येत न्हाई. पीव्हीसी गेलंय आत, म्याच टाकलं."

शिवकन्यानं खटका ओढला. धूर निघालाच. तिघं खोकत आवारात आली. भीमराजनं ओठावरची शिवी गिळली. बादलीतला तुकडा बघून "उद्यापासून आधी पाणी, मग काडी," एवढंच तो म्हणाला.

चतुराबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिनं लेकीचा हात धरला. "शिवे, म्या आधीच सांगायला पायजे व्हतं गं."

"मला म्हायती व्हतं, माय," डोळे पुसत शिवकन्या म्हणाली. "फोडणी जळाली, त्याच दिशी कळलं. तवापासून टोपलं टाकताना मी रोज श्वास धरून उभी राहते. म्हणलं, तू आपल्या तोंडानं सांगशील."

चतुराबाई मटकन खाली बसली आणि हमसून हमसून रडली.