देवदाराच्या दोन फांद्या

ओल्वेनला अंथरुणावरून नेस्टाची कबर बघायची होती. एवढंच तिचं मागणं. नेस्टा ही तिची एकुलती एक मुलगी, नऊ वर्षांची असताना गेली. तेव्हापासून ओल्वेनचा कबरीवर जायचा एक रविवार चुकला नव्हता. आता हाडांच्या दुखण्यामुळे तिला उठून बसवतही नव्हतं. जिना अरुंद, म्हणून तिच्या नवऱ्याने, विल्फने, पलंग खाली पुढच्या खोलीत आणला. खिडकीसमोर रस्ता, रस्त्यापलीकडे चर्चचं आवार, त्याच्या भिंतीलगत ती कबर. आणि मध्ये विल्फच्याच बागेतला देवदार. फार पूर्वी कुणा कर्नलने हिमालयातून बी आणून लावलेला, बारा महिने हिरवा, फांद्या पार जमिनीपर्यंत लोंबलेल्या. थंडीत पानं गळतील अशीही आशा नाही.

झाड विल्फचं असलं तरी आमचं वेनफर्ड हे इंग्लंडातलं जुनं, सरकारी जपणुकीच्या यादीतलं गाव. इथे पुढच्या दाराला रंग द्यायचा तरी कौन्सिलला विचारावं लागतं. चर्चच्या पाद्रीबाबाने हौसेने प्लास्टिकच्या खिडक्या बसवल्या, तर बिचाऱ्याला त्या उखडून पुन्हा लाकडाच्या लावाव्या लागल्या. झाडाची फांदी छाटायची तर सहा आठवडे आधी कळवायचं. तेवढ्या मुदतीत कौन्सिल गप्प बसली, तर छाटा. नाहीतर झाडावर संरक्षणाचा हुकूम निघतो, आणि मग मालकालाही हात लावता येत नाही.

झाडं छाटणारा येऊन बघून म्हणाला होता, "खालच्या दोन फांद्या काढल्या की थेट भिंतीपर्यंत दिसेल." पण विल्फने कौन्सिलला कळवलं, झाड मुळासकट पाडायचंय म्हणून. कारण काहीच दिलं नाही.

मी ओल्वेनची जुनी मैत्रीण, पण तेव्हा खुब्याच्या ऑपरेशनसाठी लेकीकडे कार्डिफला होते. नाहीतर हे रामायण घडलंच नसतं. मी सीमेपलीकडची, वेल्सची. माझ्या तोंडाला झाकण नाही असं सगळं गाव म्हणतं, आणि खरंच म्हणतं.

चर्चच्या फाटकाजवळच्या फलकावर ती नोटीस लागली आणि गाव खवळलं. प्रूडन्स हॅलम ही आमच्या वारसा समितीची अध्यक्ष. ती दुकानात उभी राहून म्हणाली, "विल्फ हे करणं शक्यच नाही. दर थंडीत काठी घेऊन त्या फांद्यांवरचा बर्फ झाडतो तो. हे त्याच्या पुतण्याचं काम. गॅरेज बांधायचं असेल मेल्याला." झालं. घराघरातून कौन्सिलला हरकती गेल्या. आणि ते लिहिणारे विल्फला रस्त्यात भेटले की काय बोलत? "काय गारठा पडलाय!" "ओल्वेन कशी आहे?" "बरी आहे." की चालले पुढे. कुणी दारात गरम पाव ठेवून गेलं, कुणी सूप. का पाडतोयस रे बाबा, एवढं मात्र एकानेही विचारलं नाही. दुसऱ्याच्या घरात नाक खुपसू नये म्हणे. आग लागो त्या सभ्यतेला.

हुकूम निघाला. प्रूडन्स स्वतः लिंबाचा केक घेऊन गेली. "वाचवलं हो आम्ही तुझं झाड!" विल्फ म्हणाला, "आभारी आहे." आणि केक घेतला.

मी परत आले ती काठी टेकत तडक त्यांच्याकडे गेले. ओल्वेन उशांना टेकून खिडकीकडे बघत होती. एवढीशी झाली होती.

"काय गं, झाडाच्या प्रेमात पडलीस की काय या वयात?" मी म्हटलं.

"झाड नाही गं बघत, डिलिस. त्याच्या मागे बघतेय."

मग तिने सांगितलं. मी म्हटलं, मी फोनवर फोटो काढून आणते, रोज आणते. ती हसली. "फोटो खूप आहेत माझ्याकडे. मला झोपताना तिच्याकडे बघून गुडनाइट म्हणायचंय."

स्वयंपाकघरात मी विल्फला धरलं. "दोन फांद्यांचं काम, आणि तू आख्खं झाड मागितलंस?"

तो किटलीत पाणी भरू लागला. "दोनच मागितल्या असत्या, तर जो तो येऊन बघणार, त्या दोन फांद्यांतून काय दिसतं ते. मग कळलंच असतं सगळ्यांना. आख्खं झाड मागितलं की कुणाला काही कळत नाही."

"आणि कळलं असतं तर?"

"आमची खाजगी बाब आहे ती."

मला त्याला मारावंसं वाटलं आणि जवळही घ्यावंसं वाटलं. दोन्ही केलं नाही. कौन्सिलला फोन लावला.

झाडांचा अधिकारी आला. ट्रँटर नावाचा तरुण पोरगा. मी त्याला दंडाला धरून ओल्वेनच्या उशाशी उभं केलं. "बघ बाळा, काय दिसतंय?" त्याने वाकून खिडकीबाहेर बघितलं, आणि ओल्वेनने त्याला नेस्टाचं सांगितलं. बाहेर येऊन विल्फला म्हणाला, "अहो, एवढं सांगितलं असतंत तर मी कधीच हो म्हटलं असतं. आता हुकूम निघालाय, रीतसर परवानगी लागेल. मी घाई करतो."

पोराने खरंच घाई केली. मी गावभर सांगत सुटले, विल्फला आवडो न आवडो. प्रूडन्स दुकानातल्या बटाट्याच्या पोत्यावर मटकन बसली आणि रडली. ज्यांनी हरकती घेतल्या होत्या, त्यांनीच आता फांद्या काढू द्या म्हणून कौन्सिलच्या मागे लकडा लावला. कबरीजवळच्या भिंतीशी पिवळे डॅफोडिल फुलले होते. रोज सकाळी ओल्वेन विचारायची, "आहेत का गं अजून?" मी म्हणायचे, "आहेत, थांबलेत तुझ्यासाठी."

परवानगी आली. छाटणाऱ्याचा दिवस ठरला. त्याच्या आदल्या रात्री ओल्वेन गेली.

तिला नेस्टाच्या शेजारी ठेवलं. त्या दिवशी आम्ही सगळे चर्चमध्ये असताना प्रूडन्सने छाटणाऱ्याला बोलावून घेतलं होतं. विल्फला तेवढंच बरं वाटेल, असं तिला मनापासून वाटलं. त्याला विचारायचं या खेपेलाही कुणाच्या मनात आलं नाही.

घरी आलो तर पुढच्या खोलीत कधी नव्हे एवढा उजेड. ओल्वेनचा पलंग तसाच होता, उशा रचलेल्या. विल्फ त्याच्या काठावर बसला आणि समोर बघितलं. भिंत, सुकायला आलेले डॅफोडिल, नेस्टाचा दगड, आणि त्याला लागून ताज्या मातीचा ढीग.

प्रूडन्स दारात हात चोळत उभी होती. "दिसतंय ना रे नीट, विल्फ?"

"दिसतंय," तो म्हणाला. "आभारी आहे."

ती जाईपर्यंत तो ताठ बसून होता. मग तोंड न वळवताच मला म्हणाला, "डिलिस, तेवढा पडदा ओढतेस?"