पुढच्या दोन चाकांची ओढ

जेबेतला जोरदार गाडी घ्यायची होती, आणि ती पारखायला तिनं सिगेईला बोलावलं. माझं डोकं फिरायला तिथूनच सुरुवात झाली.

लग्नाआधी चार वर्षं माझी बायको जेबेत मोटारींच्या रॅलीत सिगेईच्या शेजारी बसायची. तो चालवायचा, ती मांडीवरच्या वहीतून पुढची वळणं वाचून दाखवायची. आता ती केरिचोच्या शेतकऱ्यांना बियाणं विकते आणि आठवड्यातून तीनदा नाकुरूला जाते. मी भूगोलाचा मास्तर. नकाशे मलाही वाचता येतात, पण माझ्या आवाजाच्या भरवशावर कुणी आंधळं वळण घेतलेलं नाही.

गाडी जपानहून आलेली होती, वापरलेली, चार दारांची, गडद निळी. इंजिन भलतंच ताकदवान. सिगेई ती आदल्या दिवशी एकटाच जाऊन बघून आला आणि संध्याकाळी त्यानं मला फोन केला.

"मास्तर, जेबेत फोन उचलत नाहीये. एक निरोप द्याल? गाडी चांगली आहे. पण सगळा जोर पुढच्या दोन चाकांवर. ओढायचं त्यांनीच आणि वळायचंही त्यांनीच. एकदम अ‍ॅक्सिलरेटर दाबला की स्टिअरिंग हाताला हिसका देतं. त्यात पुढचा एक टायर नवा आहे, एक गुळगुळीत. टायर बदलेपर्यंत ओव्हरटेक करताना जोरात दाबू नको म्हणावं."

"सांगतो," मी म्हणालो.

जेबेत अंघोळ करून आली. "कुणाचा फोन?"

"शाळेतलं होतं कुणीतरी."

तोंडातून गेलं ते गेलं. मला एवढंच हवं होतं, की सिगेईच्याही नजरेतून काहीतरी सुटतं हे तिला एकदा दिसावं. जिवावर बेतेल असं काही होणार नाही, अशी मी मनाची समजूत घातली.

सकाळी जेबेत चालवायला बसली, सिगेई तिच्या डावीकडे, आणि मी मागे, बियाण्याच्या नमुन्यांच्या खोक्याशेजारी. चहाचे मळे ओलांडून आम्ही लोंडियानीच्या रस्त्याला लागलो.

"वळणात दाबलंस तर गाडीचं नाक वळणाबाहेर पळेल," सिगेई म्हणाला.

"आणि घाबरून पाय काढला तर शेपूट सुटेल. मला शिकवतोस?"

दोघंही हसली. पुढचं वळण आलं तशी जेबेत जुन्या वहीतलं वाचल्यासारखी पुटपुटली, "उजवं, पुढे आवळतंय." सिगेईचा डावा हात त्याच्या गुडघ्यावरच हलला, गिअर शोधल्यासारखा. त्यांचं बोलणं मी एकवेळ सोसलं असतं. तो हात मात्र माझ्या छातीत रुतला.

चढावर चहाची पोती लादलेला ट्रॅक्टर होता. जेबेतनं गाडी उजवीकडे घेतली.

"अगं, आत्ता नको दाबू," सिगेई म्हणाला, पण तिनं दाबलं होतं. गाडी उसळली आणि स्टिअरिंगनं तिचे हात उजवीकडे खेचले. समोरून बस येत होती. जेबेत ओरडली नाही. चाक घट्ट धरून तिनं पाय हळूहळू सैल केला, गाडी ताब्यात आली तशी ती ट्रॅक्टरच्या मागे परत घेतली. बस हॉर्न वाजवत गेली. खोक्यातला बियाण्याचा मका माझ्या मांडीवर सांडला होता.

थोड्या अंतरावर तिनं गाडी कडेला लावली, खाली उतरून पुढच्या दोन्ही टायरांवरून तळहात फिरवला.

"सिगेई, हे काल पाहिलं नाहीस?"

सिगेईनं माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं.

"पाहिलं होतं," तो कान खाजवत म्हणाला. "सांगायचं राहिलं."

"तुझ्याकडून?"

"वय झालं."

मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. उलट अंग पेटलं. खोटं बोलण्यातही तो माझ्यापेक्षा मोठा ठरला होता.

गावात टायर बदलत असताना सिगेई चहा प्यायला गेला, आणि मी जेबेतला सांगितलं, "निरोप माझ्याकडे होता. मी दिला नाही."

"कळलं मला. तो खोटं बोलताना कान खाजवतो."

हेही तिला ठाऊक होतं.

"राग त्याच्यावर होता ना?" ती म्हणाली. "मग तो माझ्या हातातल्या स्टिअरिंगवर कशाला काढलास? मागे तूही बसला होतास."

गॅरेजमधली एक मुलगी पुढच्या चाकाचे नट आवळत होती. आम्ही दोघं तेच बघत राहिलो.

गाडी जेबेतनं घेतली. तीन दिवस ती माझ्याशी कामापुरतंच बोलली. आता सिगेईचा फोन आला आणि मी समोर असलो, की ती स्पीकर लावते. ती मला शिक्षा करते की सांभाळून घेते, ते मला अजून कळलेलं नाही. जळायचं थांबलेलं नाही, पण निरोप मात्र सगळे पोचवतो.

गेल्या शनिवारी मी तिला म्हटलं, "मलाही शिकव ही गाडी."

तिनं गाडीची किल्ली उचलली.

"आधी शाळेच्या मैदानावर," ती म्हणाली. "आणि मी सांगेपर्यंत दाबायचं नाही, मास्तर."