सॅटिनचे शेले

भागूनं टेम्पोच्या फाळक्याला गुडघा टेकवला, ढोल छातीशी कवटाळला आणि मागं झुकत हळूच खाली उतरवला. वरून ताशावाली सानिया ओरडली, "अगं सावकाश, ढोलाचं पान फुटंल!" भागूनं ढोल भिंतीला टेकवून ठेवला आणि पुढचा घ्यायला वळली.

घोडेगावात शिवजयंतीची मिरवणूक होती. जुन्नरच्या कॉलेजातल्या पोरींचं ढोलपथक टेम्पो आणि दोन जीपगाड्या करून सकाळीच आलं होतं. पोरी देवळाच्या ओवरीत एकमेकींच्या निऱ्या सारख्या करत होत्या, फेटे बांधत होत्या, मोबाइल लांब धरून फोटो काढत होत्या. भागूही नऊवारी नेसली होती. कुणी नेस म्हटलं नव्हतं, नको नेसू असंही म्हटलं नव्हतं.

तीन महिने ती सरावाला येत होती. सगळे ताल तिच्या हातात बसले होते, तळव्याला फोड येऊन गेले होते, तरी आजचा दिवस उजाडला तेव्हा ती वाजवणार की नुसती ढोल वाहणार, हे काही तिला ठाऊक नव्हतं. त्याला कारण पथकाची रीत.

या पथकात पोरगी येते ती कुणाचं तरी बोट धरून. कुणी बहीण म्हणून, कुणी मावसबहीण, कुणी वहिनीची बहीण. शिवजयंतीला, मिरवणूक निघण्याआधी, नवी पोरगी सगळ्यांच्या मधोमध उभी राहते. प्रमुख विचारते, "कुणाची?" जिनं आणली ती पुढं होते, "माझी" म्हणते आणि आपल्या हातानं तिच्या कमरेला शेला बांधते. त्या शेल्यावरच ढोल पेलायचा. शेला बांधला की ती पोरगी तिची झाली. मग नवीचा ताल चुकला तर बोलणी बांधणारीलाच, आणि नवीच्या लग्नात मेंदी काढायलाही तीच. शेला नाही तर ढोल नाही. सरावाला कुणी अडवत नाही, पण मिरवणुकीत उभं राहायचं तर कुणीतरी "माझी" म्हणणारं लागतं.

भागू दिवाळीनंतर एकटीच येऊन उभी राहिली होती. तिसऱ्या वर्षाला, कॉलेज संपत आल्यावर. समृद्धी पथकाची प्रमुख, पथक तिच्या मावशीनं सुरू केलेलं. तिनं रीतीप्रमाणं विचारलं होतं, "तू कुणाची गं?"

भागूनं जरा विचार केला आणि आपल्या गावाचं नाव सांगितलं, "डिंगोऱ्याची."

पोरी पोट धरून हसल्या. मागून एकजण म्हणाली, "दोन वर्षं कुठं व्हती? आता आयत्या बिळावर नागोबा!" समृद्धी काही मनाची वाईट नव्हती. तिनं पोरींना दटावलं आणि भागूला म्हणाली, "ये सरावाला. शेल्याचं बघू." आता आपल्याकडं 'बघू' म्हणजे काय, ते सांगायची गरज नाही. तीन महिन्यांत त्या 'बघू'चं पुढं काही झालं नाही आणि पुढचं वर्ष तर भागूला नव्हतंच.

दोन वर्षं ती कुठं होती, ते कुणी विचारलं नाही, तिनंही सांगितलं नाही. तास सुटला की ती दुपारच्या एसटीला पळायची. घरी गोजरआत्या अंथरुणावर होती. आत्या नवऱ्याच्या घरून परत आलेली, भागूला तिनंच वाढवलं. आई पहाटेच्या जीपनं नारायणगावला टोमॅटो निवडायला जायची, वडील रानात. आत्याची एक बाजू लुळी पडली आणि तिचं उठवणं-बसवणं भागूकडं आलं. कॉलेजात कुणाशी दोन शब्द बोलायचे तर थांबावं लागतं, आणि एसटी काही थांबत नाही.

आत्या श्रावणात गेली. भागू रडली नाही. बायका आपसात म्हणाल्या, पोरगी दगडाची हाय. भागूनं ते ऐकलं आणि तिला त्याचंही काही वाटलं नाही. तेव्हापासून तिला कशाचंच काही वाटत नव्हतं. जेवली काय, न जेवली काय, सारखंच. पण एकदा दुपारी ती सवयीनं स्टँडकडं पळत सुटली, निम्म्या वाटेत थांबली, कारण घरी पळण्यासारखं काही उरलंच नव्हतं, आणि तेवढ्यात पटांगणात पोरींनी ढोल वाजवायला घेतले. तो आवाज तिला छातीत लागला. बऱ्याच दिवसांनी कुठंतरी काहीतरी लागलं. दुसऱ्या दिवशी ती पटांगणात जाऊन उभी राहिली.

"नव्या पोरी, मधी या!" घोडेगावच्या देवळापुढं समृद्धीनं हाक दिली.

भागू भिंतीशी ढोलांपाशी उभी राहिली. एकेक पोरगी मधे जात होती. "कुणाची?" "माझी!" टाळ्या, शिट्ट्या. यंदा शेले नवे होते, सॅटिनचे, भगवे, उन्हात नुसते लखलखणारे. समृद्धीनं हौसेनं निवडले होते, फोटोत उठून दिसतात म्हणून. जुने सुती शेले तिनं घरीच ठेवून दिले होते. सगळ्या नव्या पोरींना शेले झाले. एक शेला उरला, तो समृद्धीनं घडी घालून पाण्याच्या बाटल्यांच्या पिशवीत टाकला. टाकताना तिनं भागूकडं पाहिलं आणि पटकन नजर काढून घेतली.

"भागू, पाण्याच्या बाटल्या तेवढ्या बरोबर घे हां," ती म्हणाली.

"व्हय," भागू म्हणाली. नेहमीसारखंच तिला काही वाटलं नाही. तिनं पिशवी उचलली आणि बाटल्या मोजायच्या नसतानाही मोजत बसली.

मिरवणूक निघाली. घोडेगावकर दुतर्फा जमले होते, गच्च्यांवर बाया, पोरं. सानियाचा ताशा कडाडला आणि ढोलांचा पहिला ठोका पडला. भागू बाजूनं चालत होती. तिची बोटं पिशवीच्या बंदावर ताल धरत होती, ते तिला कळलंही नाही.

स्टँडच्या अलीकडंच गडबड सुरू झाली. एकीचा ढोल मांडीवर आला. तिनं कमरेनं झटका देऊन वर घेतला, तो पुन्हा घसरला. मग दुसरीचा. सॅटिन ते! त्याला गाठ कसली धरतेय? पोरी एका हातानं टिपरू मारत होत्या आणि दुसऱ्या हातानं शेला ओढत होत्या. ताल लंगडायला लागला. गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "पावणं, हळदीकुंकवाला आल्यात जनू!" हशा पिकला. आणि मग समृद्धीचाच शेला सुटला. ढोल धाडकन रस्त्यावर. ताशा थांबला, सगळंच थांबलं.

समृद्धीचं तोंड लालबुंद झालं. तिनं शेला गुंडाळला, गाठ मारली, ढोल चढवला, गाठ सुटली. पुन्हा बांधला, पुन्हा सुटली. दोघीतिघी मदतीला धावल्या आणि चार हातांनी आणखीच घोळ झाला. मागून मंडळाचा माणूस ओरडत होता, "चला ताई, मागं ट्रॅक्टर खोळंबलाय!"

भागूनं पिशवी खाली ठेवली. एक बाटली उघडून ती समृद्धीच्या मागं गेली आणि काही न विचारता शेला सोडवून घेतला. दोन्ही टोकं पाण्यानं भिजवली, पिळली.

"अगं, ओलं काय करतेस?" समृद्धी म्हणाली.

"श्वास सोड," भागू म्हणाली.

मागून कमरेला मिठी मारल्यासारखे तिनं दोन्ही हात पुढं नेले, शेला फिरवून मागं आणला, पिळावर पीळ दिला, गुडघा टेकवून ओढला आणि ओलं टोक आतून, अंगाच्या बाजूनं खोचलं. आत्याची पातळं नायलॉनची, अशीच बुळबुळीत. अंथरुणावरून उठवताना धरायला काही हवं म्हणून भागू तिच्या कमरेला जुनं पातळ बांधायची. आधी आधी गाठ सुटायची आणि आत्या अर्ध्यातच खाली बसायची. मग ही ओल्या टोकाची युक्ती सापडली. तरी भागू भीत भीत बांधायची, आणि आत्या वाकड्या तोंडानं म्हणायची, "घट बांध गं भागे, मी काय मोडत न्हाई."

समृद्धीनं ढोल चढवला. उडी मारून पाहिली. शेला जागचा हलला नाही.

"मला बी बांध!" शेजारची पुढं झाली. मग तिच्या मागची. भागू रस्त्यात गुडघ्यावर बसली, एकेकीच्या मागं सरकत गेली. टोक भिजव, पीळ, ओढ, खोच. ती आयत्या बिळावर नागोबा म्हणणारी आली, तिनं मान खाली घालून पाठ केली. भागूनं तिलाही तितकंच घट्ट बांधलं. अख्खी रांग झाली, शेवटी सानिया उरली, तिच्या ताशाचा पट्टाही भागूनं शेल्यात अडकवून दिला.

सानियाच्या तोंडाला कधी कुलूप नसतं. ती म्हणाली, "काय गं समू, शेला बांधंल तिची ती, अशीच रीत हाय ना? म्हंजी आता आमी समद्या हिच्याच की! तू बी!"

कुणी हसलं, कुणी हसता हसता थांबलं. भागू पिशवी उचलून रांगेच्या बाहेर निघाली होती. तिच्या नऊवारीचा पुढचा भाग पाण्यानं ओला झाला होता आणि गुडघ्याला रस्त्याची माती लागली होती.

"भागू, थांब," समृद्धी म्हणाली.

तिनं भागूच्या हातातली पिशवी घेतली, आतून उरलेला शेला काढला. सानियाला म्हणाली, "टेम्पोतला जादाचा ढोल आण." मंडळाचा माणूस पुन्हा ओरडला. "अहो काका, थांबा जरा," समृद्धी त्याच्यावरच डाफरली. मग ती भागूच्या मागं आली. टोकं भिजवली, जास्तच भिजवली, पाणी भागूच्या पायावर ओघळलं.

रांगेतून कुणीतरी सवयीनं विचारलं, "कुणाची?"

समृद्धीनं मागून दोन्ही हात भागूच्या कमरेभोवती घातले आणि ते पुढं येऊन क्षणभर तसेच राहिले, कारण पुढचं तिला येत नव्हतं.

"आता पीळ," भागू म्हणाली. "दोनदा. मग आतून."

श्रावणापासून तिला असं कुणी धरलं नव्हतं. आधी तरी कुठं धरलं होतं, आत्याला धरायची ती भागूच. समृद्धीनं चाचरत पीळ दिला, ओढलं. शेला पोटात रुतला.

"झालं का घट्ट?" मागून समृद्धीनं विचारलं. "लागतंय का गं?"

भागूचे डोळे भरून वाहायला लागले होते. समोर अख्खी रांग बघत होती, दुतर्फा गाव बघत होतं, तरी तिनं ते पुसले नाहीत.

"अजून," ती म्हणाली. "मी काय मोडत न्हाई."