घरातली सुई

रुग्णालयात तिला सगळे सुईवाली सिस्टर म्हणत. वापरलेली सुई जाड पांढऱ्या डब्यात न टाकता कुणी पिशवीत टाकली, की तिच्या तोंडाचा पट्टा सुरू होई. मोठ्या डॉक्टरांचीही ती भीड ठेवत नसे.

घरी मात्र तिची डाळ शिजत नव्हती. सासरे रोज इन्सुलिन टोचून घेत आणि सुई भाजीच्या देठांबरोबर बादलीत भिरकावत. तिने डबा आणून दिला, तर त्यांनी त्यात खिळे भरले. "घराचं इस्पितळ करू नकोस," म्हणाले.

एका सकाळी कचरेवाली मावशी बोट धरून दारात उभी राहिली. "सिस्टर, तुमच्या पिशवीतली सुई घुसली हो."

सिस्टरने तिचं बोट नळाखाली साबणाने धुतलं आणि आत जाऊन म्हणाली, "अण्णा, तुमचं रक्त तपासू या. काही निघालं नाही, तर तिला एचआयव्ही टाळायच्या त्या जहाल गोळ्या घ्याव्या लागणार नाहीत."

"माझ्या रक्तावर संशय?" अण्णांनी पेपर आपटला. "उद्या चारित्र्याचा दाखलाही मागशील!"

"बघून उचलायचं तिने," सासूबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "डोळे काय गहाण टाकलेत?"

नवरा बूट घालत होता. "गोळ्या फुकट मिळतात ना? मग म्हाताऱ्याला कशाला छळतेस?"

दारातली मावशी सगळं ऐकत होती.

रुग्णालयात डॉक्टरांनी विचारलं, "सुई कुणाची?"

"माहीत नाही," सिस्टर म्हणाली. "रस्त्यावरच्या कचऱ्यातली."

मावशीने तिच्याकडे नुसतं पाहिलं.

महिनाभर गोळ्या खाऊन मावशी ओकत राहिली. खाडे पडले, तशी मुकादमाने तिची गल्ली दुसरीला दिली. पुढे तिच्या तपासणीत काही निघालं नाही, हे सिस्टरला प्रयोगशाळेतून कळलं. ती भेटायला गेली, तर मावशीने दार अर्धंच उघडलं.

"मी तुमच्या तोंडाकडे बघत होते," मावशी म्हणाली. "म्हटलं, आता सांगतील, मग सांगतील." आणि दार लोटून घेतलं.

सिस्टर घरी आली ती तडक बादलीपाशी गेली. बादली उचलून तिने बैठकीत अण्णांच्या पायांशी उपडी केली. सालं, देठं, ओला चोथा, त्यात दोन सुया.

"उचला," ती म्हणाली.

अण्णांनी पाय खुर्चीवर घेतले. सासूबाई दारात येऊन थबकल्या. कुणी जागचं हललं नाही.

शेवटी वाकली ती सिस्टरच.