ढेकळातली मुळं

नदीकाठी नुसती झुंबड उडाली होती. मधोमध टेबलावर दोन ढेकळं आणि मागे डोळे मिटून बसलेले काठबाबा. हे म्हणे ढासळणारा काठ मंत्राने बांधतात, म्हणून काठबाबा! त्यांनी साध्या ढेकळावर तांब्याभर पाणी ओतलं, त्याचा चिखल झाला. मग मंतरलेल्या ढेकळावर ओतलं. ते जागचं हललं नाही, वर त्यातून मंद सुवास सुटला.

"माती माझं ऐकते," बाबा म्हणाले. "नदी म्हणजे तिची धाकटी बहीण. तीही ऐकेल."

ऐकतेय कसली! माझ्या दादाची मागची खोली गेल्याच आठवड्यात तिने गिळली. उरलेल्या भिंतीला हात जाईल एवढी भेग पडलीये, आणि दादा बायको-पोरीसकट तिथेच मुक्काम ठोकून बसलाय. का, तर उंबऱ्याखाली बाबांचं ढेकूळ पुरलंय.

"दादा, आजच्या आज माझ्याकडे राहायला चल," मी म्हटलं.

"तुझी मास्तरकी शाळेत ठेव. बाबा म्हणाले, काठ स्वच्छ हवा. आपल्या आबांनी काठावर लावलेला सगळा वाळा उपटून मी आश्रमात पोचवलाय. आता काठ हलायचा नाही."

"सगळा उपटलास?"

"मुळासकट. त्यांनी तसाच मागितला होता."

माझं डोकंच फिरलं. आणि तेव्हा तो सुवास ओळखू आला. लहानपणी आबांबरोबर काठावर वाळा लावताना हातांना यायचा, तोच. मी तरातरा पुढे गेले आणि ढेकूळ उचललं.

बाबांचे डोळे खाडकन उघडले. "बाई, खाली ठेवा. हात झडेल."

"झडू दे. दुसऱ्या हाताने खडू धरीन."

ढेकूळ फुटेना. ओढून फाडावं लागलं. वर मातीचा पातळ लेप, आत मुळांचं दाट जाळं. हिरवी पाती बुडापासून छाटलेली.

दादाने तुकडा हातात घेतला, हुंगला. त्याचा चेहरा उतरला. "हा आबांचा वाळा आहे," तो म्हणाला.

"हो. या मुळांनी ढेकूळ धरलं, तसाच तुझा काठ धरला होता. या माणसाने तो तुझ्याच हातांनी सोडवला आणि त्याच मुळांचं ढेकूळ तुझ्याच उंबऱ्याखाली पुरलं."

"त्या मुळांत शक्ती मीच घातली," बाबा पुटपुटले.

"मग माझी खोली परत आणा," वहिनी म्हणाली. बाबांनी पुन्हा डोळे मिटले.

संध्याकाळच्या आत दादा सामान घेऊन माझ्याकडे आला. दुसऱ्या दिवशी आम्ही आश्रमामागचे वाळ्याचे उरलेसुरले ठोंब आणून काठावर पुन्हा लावले. ते माती धरतील, पण त्याला दोन-तीन पावसाळे लागतात आणि नदी तेवढी थांबणार नाही. दादाचं घर बहुतेक जाईल. संताप होतो तो याचाच. म्हणून सांगते, कुणी चमत्कार दाखवला तर हात जोडण्याआधी तो फोडून बघा. आम्ही आधी हात जोडले.